डाव्या खांद्याची बंदूक

बंदुका दुरुस्त करणाऱ्याच्या घरात लहानपण गेलं म्हटलं की लोक विचारतात, भीती नाही का वाटायची? आता काय सांगावं. आमच्या घरात दिवसभर आवाज असायचा तो कानशीचा. लोखंडावरची कानस वेगळी बोलायची, लाकडावरची वेगळी. अम्मी चुलीपुढं बसल्या बसल्या तेवढ्यावरून ओळखायची की अब्बा आता चहा मागणार की अजून तासभर मान वर करणार नाहीत. धारूरच्या बाजारगल्लीत पुढं दुकान, मागं घर आणि मध्ये गोणपाटाचा पडदा. पडद्याच्या पलीकडं जवसाचं तेल लाकडाला चोळलं जायचं, अलीकडं जवसाचीच चटणी भाकरीवर यायची, आणि दोन्हीचा वास एकमेकांत असा मिसळायचा की जवळचे नातलग आमच्याकडं जेवायला बसले की हटकून म्हणायचे, उस्तादच्या घरी भाकरी खाल्ली की बार केल्यासारखा खांदा दुखतो. अम्मीला हा विनोद कधीच आवडला नाही.

घरात आम्ही दखनी बोलायचो, दुकानात अब्बा गावाची मराठी बोलायचे. मी इथं सगळं मराठीतच लिहिते आहे. अम्मी असती तर म्हणाली असती, माझ्या तोंडात भलते शब्द कशाला घालतेस. तिनं मला माफ करावं.

अब्बांचा परवाना दुकानात चौकटीत लावलेला होता आणि त्यावरची धूळ रोज पुसली जायची, घरातल्या आरशावरची नाही पुसली तरी चाले. गिऱ्हाईक म्हणजे आसपासच्या डोंगरपट्ट्यातले शेतकरी. रानडुकरं भुईमुगाचं वावर एका रात्रीत नांगरल्यासारखं करून टाकतात, त्यांना पळवायला परवान्याची एकनळी नाहीतर दुनळी घरात असायची. दसरा जवळ आला की दुकानात पाय ठेवायला जागा नसे. दसऱ्याला शस्त्राची पूजा, मग ते स्वच्छ नको का? वर्षभर कोपऱ्यात गंज खाणारी बंदूक त्या आठवड्यात अचानक घरच्या लेकीसारखी लाडकी व्हायची.

अब्बांचे दोन नियम होते. पहिला, बंदुकीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो लाकडी भाग, माणसाच्या मापाचा पाहिजे. शिंपी जसा अंगरखा बेततो तसं ते गिऱ्हाइकाला उभं करून हाताची, खांद्याची, मानेची मापं घ्यायचे. दुसऱ्याच्या मापाची बंदूक दुसऱ्यालाच लागते, असं म्हणायचे. दुसरा नियम, हाती घेतलेल्या बंदुकीचा पहिला बार स्वतः करायचा, आणि तोही गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत. काही दगाफटका व्हायचाच तर तो बनवणाऱ्याच्या तोंडावर व्हावा, गिऱ्हाइकाच्या नाही. अम्मी त्या दिवशी सकाळपासून कुणाशी धड बोलायची नाही. दुपारी अब्बा घरी आले की त्यांच्याकडं न बघता ताट वाढायची.

त्या साली दसऱ्याच्या बऱ्याच आधी दुकानापुढं बैलगाडी थांबली. गाडीतून एक म्हातारी आणि तिची सून उतरली. सून म्हणजे कौसाबाई. डोंगराच्या कडेला असलेल्या एका खेड्यातल्या जमीनवाल्या घरची. पस्तिशीची असेल, उंचीनं बेताची, कपाळ मोकळं. वर्षापूर्वी नवरा गेला होता. पोतडीत गुंडाळून त्यांनी जे आणलं होतं ते अब्बांनी दुकानाच्या पाटावर उलगडलं.

ती पंप बंदूक होती. कौसाबाईंच्या आजेसासऱ्यानं निजामाच्या अमदानीत हैदराबादहून आणलेली, विलायती. नळीखालची लाकडी मूठ मागं ओढून पुढं सारली की पुढचं काडतूस आपोआप जागेवर येतं. आमच्या भागात अशी बंदूक म्हणजे नवलच. नवरा वारल्यावर परवाना कौसाबाईंच्या नावावर होईपर्यंत ती ठाण्यात जमा होती, आणि तिथल्या ओलीत तिचं मातेरं झालं होतं. दस्त्याला वाळवी, मूठ तडकलेली, आतली स्प्रिंग गंजून तुटलेली.

"हिचे पार्ट आता कुठं मिळायचे, बाई," अब्बा म्हणाले. "विलायतेतून येनं कवाच बंद झालं. तुमाला साधी एकनळी बघू का?"

"साधी न्हाई चालायची," कौसाबाई म्हणाल्या. "हीच पायजे."

"कावून?"

यावर सासूच बोलली. तिला सगळे आत्याबाई म्हणत. तोंडानं फटकळ, हातात काठी, पण ती काठी टेकायला कमी आणि दाखवायला जास्त. "आमच्या गावात शिलंगणाला आमच्या घरची बंदूक वाजती, उस्ताद. वेशीभायेर बाभळीला मडकं टांगत्यात. घरचा कर्ता बार करतो, मडकं फुटतं, मगच लोक सोनं लुटत्यात. धाकटा म्हनतो, वैनीला काय बार करता येतोय, बंदूक माज्या नावानं करा. बंदूक त्याच्या हातात गेली की डोंगराकडचं रान बी गेलंच म्हना. राखनदारी ज्याची, रान त्याचं."

"ते चार लोकांत कबूल करून आले मी," कौसाबाई खाली बघत म्हणाल्या. "शिलंगणाला मी मडकं फोडीन. न्हाई फुटलं तर बंदूक बी भावजीला देईन आन् रान बी."

अब्बांनी गोणपाटाच्या पडद्याकडं पाहिलं. पडद्यामागून मी आणि अम्मी ऐकत होतो हे त्यांना ठाऊक असायचं. "आधी जेवून घ्या," ते म्हणाले. काही सुचलं नाही की ते माणसांना जेवायला पाठवत.

जेवताना आत्याबाईंनी आमच्या घरचं पाणी पिताना जरासुद्धा आढेवेढे घेतले नाहीत, हे अम्मीनं पुढं कितीतरी वर्षं लोकांना सांगितलं. चुक्याची आंबट भाजी होती, ज्वारीची भाकरी, आणि त्यांनीच टोपलीतून आणलेली बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळं. कौसाबाई फार सावकाश जेवल्या. घास करताना बोटं एकमेकांत अडखळत होती. मला वाटलं, परक्या घरात लाजत असतील.

मग मापाची पंचाईत आली. अब्बांनी तोवर कुणा बाईच्या मापाचा दस्ता केलेला नव्हता. परक्या बाईच्या खांद्याला ते हात कसा लावणार? ते पाठमोरे उभे राहिले आणि मला हाक मारली. मी तेव्हा नुकती दहावीला बसून घरी होते. "कोपराच्या आतून बोटापर्यंत दोरी धर. आता खांद्यापासून हनुवटीपर्यंत." मी दोरीला गाठी मारत गेले आणि पडद्याआडून त्यांना देत गेले. उजवा हात, उजवा खांदा, उजवा गाल. कुणी काही विचारलं नाही, कौसाबाईही काही बोलल्या नाहीत.

त्यानंतरचे दिवस मला अजून तसेच्या तसे दिसतात. तलवाड्याच्या एका जमीनदाराकडं अशाच जातीची दुसरी पंप बंदूक होती, तिची नळी फुटून ती कायमची मुकी झाली होती. रीतसर ठाण्याची परवानगी काढून अब्बांनी तिच्यातले आतले भाग मिळवले. पण कंपनी वेगळी, एकाचा दात दुसऱ्याला बसेना. अब्बा एकेक तुकडा फडक्यावर मांडून त्याच्याशी बोलत बसायचे. "तू तलवाड्याचा, ही डोंगराकडची. भांडू नका बे, एकाच घरात नांदायचंय." मूठ तिसऱ्याच एका बंदुकीची, ती घासून बसवली. स्प्रिंग कुठून आणली ते मला कधीच सांगितलं नाही, पण आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकशी त्यांचं त्या आठवड्यात फार गूळपीठ झालं होतं. दुकानात ठेवणीतली शिसवीची एकच फळी होती, तिचा दस्ता केला. कौसाबाईंच्या मापानं आखूड, गाल टेकतो तिथं एका बाजूनं जरा खोलगट. पॉलिश झाल्यावर अब्बांनी ती बंदूक हातात घेतली, मूठ मागं ओढली, पुढं सारली. खर्रक्-खट्ट. आतून अम्मी म्हणाली, "झाली वाटतं." त्या आवाजात चुकीचं काही असतं तर तिला आधी कळलं असतं.

निरोप मिळताच त्या दोघी पुन्हा येऊन आमच्याकडं उतरल्या आणि गावामागच्या खदानीत, ठाण्याला कळवून, अब्बांनी पहिला बार केला. त्यांचा नेम अख्ख्या तालुक्यात प्रसिद्ध. दगडावरचा डबा उडाला. मग कौसाबाईंची पाळी. पहिला बार गेला, डबा जागेवर. दुसरा, तिसरा, डबा आपला उभाच. अब्बांनी पाय कसे ठेवायचे सांगितलं, श्वास सांगितला. बार होत होते आणि खदानीतले पारवे उडून पुन्हा येऊन बसत होते, त्यांनाही कळलं होतं की इथं काही भ्यायचं कारण नाही. शेवटी कौसाबाईंनी बंदूक हळूच खाली ठेवली. खांदा काळानिळा पडला होता, तो नंतर मीच पाहिला, अम्मीनं हळद लावली तेव्हा.

"राहू द्या उस्ताद," त्या म्हणाल्या. "तुमची बंदूक चांगली हाय. मीच बिनकामाची."

अब्बांना हे फार लागलं. बंदूक चांगली आणि माणूस बिनकामाचं, हे त्यांच्या हिशेबात बसतच नव्हतं. घरी येऊन त्यांनी दस्ता पुन्हा मापला, माझ्या दोरीच्या गाठी पुन्हा तपासल्या. सगळं बरोबर होतं. दसरा आठवड्यावर आला होता.

आणि माझं असं झालं की मला झोपच लागेना. मापं मी घेतली होती ना. आज मी इतकी म्हातारी झाले, शिलाईच्या क्लासात माझ्या हाताखालून शेकड्यानं मुली गेल्या, पण बेतलेला कपडा अंगाला बसला नाही की अजून तशीच झोप उडते. कापड गेलं तर दुसरं आणता येतं. इथं एका बाईचं रान जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी त्या दोघी परत निघायच्या होत्या. आत्याबाई आत अम्मीशी बोलत होत्या, कौसाबाई अंगणात सीताफळाची रिकामी टोपली बांधत होत्या. किल्ल्याकडची वानरं आमच्या गल्लीत यायची, त्यातला एक मोठा हुप्प्या भिंतीवरून उतरला आणि अब्बांनी उन्हात ठेवलेला जवसाच्या तेलाचा डबा ओढायला लागला. मी ओरडले. कौसाबाईंनी मागं वळून, खाली वाकून खडा उचलला आणि मारला. क्षणाचाही विचार नाही, नेम धरणं नाही. खडा बरोबर डब्याच्या कडेवर, वानराच्या बोटांपाशी. वानर पळालं. डबा पडलासुद्धा नाही.

त्यांनी तो डाव्या हातानं मारला होता. आणि मारल्या मारल्या तो हात पदराखाली लपवला.

"मावशी," मी म्हणाले, "तुम्ही डावऱ्या आहात?"

"हळू बोल बाई," त्या म्हणाल्या. आतल्या दाराकडं पाहिलं. "होते लहानपनी. लग्न होऊन आले तर पयल्याच पंगतीला डाव्या हातानं वाढलं. आत्याबाईनी हातावर उलथनं ठेवलं, तापलेलं. तवापसून समदं उजव्यानं करते. रागानं न्हाई केलं त्यांनी. घराची रीत हाय ती."

मी पडदा बाजूला सारून सरळ दुकानात गेले. गिऱ्हाईक बसलेलं असताना मुलीनं दुकानात जायचं नाही असा आमच्याकडं दंडक होता, तो तेव्हा मला आठवलाही नाही. अब्बांना सांगितलं. त्यांनी कानस बाजूला ठेवली. मग त्यांनी पाटावरचा तो सुंदर दस्ता उचलला, गालाच्या खोलगट जागेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ह्यो आता जळनात." एकदा कमी केलेलं लाकूड परत भरता येत नाही. आणि शिसवीची दुसरी फळी आमच्याकडं नव्हती.

फळी अम्मीनं दिली. तिच्या माहेरून आलेल्या पलंगाची, उशाकडची. अब्बा नको नको म्हणत होते. अम्मी म्हणाली, "उशाला फळी असो की भिंत असो, तुम्ही घोरणार तितकेच." आणि स्वतःच हातोडीनं ठोकून ती सुटी केली. पुढं आयुष्यभर तो पलंग तसाच भिंतीला लावून होता. मी कौसाबाईंची मापं पुन्हा घेतली, या वेळी डाव्या बाजूची.

दसऱ्याच्या दुपारी अब्बा बंदूक आणि मला घेऊन त्या गावाला गेले. अम्मीनं मला जाऊ कसं दिलं, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. वेशीबाहेर सगळं गाव जमलं होतं. बाभळीला मडकं टांगलेलं, मागं उघडा माळ आणि डोंगराची भिंत. कौसाबाईंचा दीर बाबुराव नवा फेटा बांधून पुढं उभा होता. माणूस दिसायला वाईट नव्हता, अब्बांना त्यानं वाकून नमस्कारही केला. पण तो भावजयीकडं पाहत नव्हता, तिच्या हातातल्या बंदुकीकडं पाहत होता.

अब्बांनी बंदूक मागून घेतली. नवा दस्ता बसल्यावर पहिला बार अजून झाला नव्हता. तो गिऱ्हाइकासमोरच करायचा म्हणून त्यांनी इथल्यासाठी राखून ठेवला होता, नियम म्हणजे नियम. शेजारच्या दगडावर कुणीतरी डालडाचा डबा ठेवला. अब्बांनी बंदूक डाव्या खांद्याला लावली. जमावात कुजबुज झाली. ज्या खांद्यासाठी केली त्याच खांद्यानं तपासायची, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी नेम धरला, बार केला.

डबा जागेवर होता.

आमच्या तालुक्यात अब्बांचा नेम चुकलेला कुणी पाहिला नव्हता. मी तर नाहीच. आधी कुणाला कळेना, मग मागून कुणीतरी हसलं आणि हसू पुढं पुढं आलं. "उस्ताद, म्हातारे झालात," एकजण म्हणाला. बाबुराव म्हणाला, "उस्तादालाच लागंना तर बाईमानसाचं काय घेऊन बसलात? न्हाई ते खूळ." माझे कान गरम झाले. मला अब्बांकडं बघवेना.

अब्बा मात्र डाव्या खांद्याला हात लावून उभे होते आणि त्यांच्या तोंडावर हसू होतं. भाकरी फुगली की अम्मीच्या तोंडावर यायचं तसं. ते कौसाबाईंकडं वळले.

"मला न्हाई लागली," ते म्हणाले. "म्हंजी माप बरोबर तुमचं हाय. घ्या."

कौसाबाई पुढं झाल्या. बंदूक घेतली आणि तिथंच थांबल्या. डावा हात उचलायचा तर सगळ्या गावासमोर उचलायचा होता, सासूसमोर उचलायचा होता. त्यांनी बंदूक हळूहळू उजव्या खांद्याकडं न्यायला सुरुवात केली, हे मी स्वतः पाहिलं. तेवढ्यात आत्याबाईंची काठी जमिनीवर आपटली.

"कौसे," म्हातारी म्हणाली, "वाढताना उजव्यानं वाढ. मारताना डाव्यानं मार. मला काय ठावं न्हाई व्हय? आंब्याला दगुड कोन्या हातानं मारतीस ते पंधरा वरीस बघत आले मी."

कौसाबाईंनी बंदूक डाव्या खांद्याला लावली. गाल त्या फळीवर टेकला आणि सबंध बाई एकदम सैल झाली, घरी येऊन बसल्यासारखी. खर्रक्-खट्ट. बार झाला, आणि बाभळीला नुसता दोर लोंबकळत राहिला.

कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. लोक आपट्याकडं सोनं लुटायला पळाले, तेच त्यांचं उत्तर होतं. बाबुराव थोडा वेळ उभा राहिला, मग त्यानं आपट्याची पानं आणून वहिनीच्या हातात दिली आणि पाया पडला. मनापासून की रीत म्हणून, ते मला सांगता येणार नाही. रान मात्र कौसाबाईंकडंच राहिलं. पुढं कितीतरी वर्षं त्यांच्याकडून सीताफळाची टोपली येत राहिली.

परतीच्या एसटीत मी अब्बांना विचारलं, "तुम्ही मुद्दाम चुकवलात ना?"

ते जरा चिडलेच. "मुद्दाम नेम चुकवनारा उस्ताद असतो, तर माज्या बंदुकीला कुनी हात लावला असता का? लई जीव तोडून नेम धरला होता. न्हाई लागला." थोडं अंतर गेल्यावर, बाहेर बघत म्हणाले, "इतकी वर्सं मापं घेतली. कुनालाच इचारलं न्हाई, हात कोनता. पुढल्या मापाला तू ये, आन् आधी ते इचारत जा."

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. अम्मीनं नेहमीसारखं न बघता ताट वाढलं. अब्बांना हात वर उचलता येईना, बसलेल्या धक्क्यानं खांदा धरला होता. अम्मीनं काही न विचारता चुलीतून वीट काढली, फडक्यात गुंडाळली आणि सवयीनं त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसली. अब्बांनी सदऱ्याचं बटण काढलं. मग अम्मी थबकली, माझ्याकडं पाहिलं, आणि त्यांना विचारलं, "कोणता?"

"डावा," अब्बा म्हणाले.